खो कोणी दिला?

आमच्या तलमडुगूत रामनवमीला भर दुपारी बारा वाजता दोन गोष्टी एकदम होतात. मराठी घरांत रामाचा पाळणा हलतो, आणि देवळापुढच्या मांडवात तेलुगू मंडळी त्याच रामाचं सीतेशी लग्न लावतात. इकडे सुंठवडा, तिकडे पानकम. बाराला जन्मलेला देव बारालाच बोहल्यावर कसा चढतो, असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं. "त्यांची वही वेगळी, आपली वेगळी," एवढं बोलून तिनं मला दोन्हीकडचा प्रसाद आणायला पिटाळलं. पेनगंगेच्या अलीकडे, आदिलाबाद जिल्ह्याच्या या कडेला राहणाऱ्या माणसाला दोन वह्या सांभाळायची सवयच असते. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

२०२५ सालची रामनवमी ६ एप्रिलला, रविवारी आली. उकाड्यानं घरात झोप लागेना म्हणून आम्ही गच्चीवर अंथरुणं टाकली होती. रात्री अकराच्या सुमाराला पुतण्या मोबाइल घेऊन माझ्याकडे सरकला. "काका, हे बघा, वर्ल्ड रेकॉर्ड." पडद्यावर पांढराशुभ्र बर्फ. तिकडे न्यू यॉर्कला दुपार होती. वॉशिंग्टन कॅपिटल्सचा अलेक्झांडर ओव्हेच्किन, वय एकोणचाळीस, केस पिकलेले, डाव्या वर्तुळातून स्टिक फिरवतो, रबराची ती काळी चकती जाळ्यात शिरते, आणि हा गडी पोटावर पडून बर्फावरून घसरत जातो, आमची पोरं पावसाळ्यात चिखलात घसरतात तसा. सामना तिथंच थांबवला. बर्फावरच समारंभ झाला, भाषणं झाली. ज्याचा विक्रम मोडला तो वेन ग्रेट्झकी हजर होता आणि टाळ्या वाजवत होता. ग्रेट्झकीचे गोल ८९४, ओव्हेच्किनचे आता ८९५.

"जगात सगळ्यांत जास्त," पुतण्या म्हणाला.

"कुठल्या वहीत?" माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

सवय अशी, की मी आयुष्यात कुठलाही खेळ धड खेळलो नाही, पण गावच्या कबड्डीच्या आणि खो-खोच्या सामन्यांना टेबलाशी बसून गुण लिहिण्याचं काम पंचवीस वर्षं केलं. बर्फावरच्या हॉकीशी माझा संबंध मोबाइलपुरता. आदिलाबादची थंडी तेलंगणात नावाजलेली असली आणि पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर उतरत असला, तरी आमच्या हौदातलं पाणी काही गोठत नाही. बर्फ आम्हाला भेटतो तो रसवंतीवर, गोणपाटात गुंडाळलेला. तरीही त्या रात्रीपासून त्या परक्या खेळाच्या नोंदी मी वाचत सुटलो, कारण गुणलेखकाला दुसऱ्या गुणलेखकाची वही उघडून बघायचा मोह आवरत नाही. आणि वाचता वाचता माझं एक मत पक्कं होत गेलं: विक्रमाचा निम्मा मालक तो करणारा, आणि उरलेला निम्मा वहीत रकाने आखणारा. टाळ्या पहिल्याला मिळतात. सत्ता दुसऱ्याकडे असते.

आधी शब्दच बघा. आपला 'विक्रम' म्हणजे पाऊल टाकणं, पराक्रम. तीन पावलांत त्रैलोक्य व्यापलं म्हणून वामन त्रिविक्रम झाला; ती पावलं कुणी मोजपट्टी लावून लिहून ठेवली नव्हती. इंग्रजी 'रेकॉर्ड' मात्र लॅटिनमधल्या आठवण्याच्या क्रियापदातून आला आणि पुढे लिहून ठेवण्याच्या कामाला लागला. म्हणजे त्यांचा शब्द नोंदीचा, आपला शब्द करणीचा. एकाचं भाषांतर म्हणून दुसरा वापरताना आपण एक फार मोठी गोष्ट गाळली. मैदानात पराक्रम झाला की विक्रम झालाच, असं आपण धरून चालतो. लिहून ठेवण्याचं काम कुणीतरी करत असेल, असंही धरून चालतो.

खरं तर तलमडुगूत 'रेकॉर्ड' म्हटलं की कुणाला खेळ आठवत नाही. जमिनीची पहाणी आठवते. जुन्या पहाणीत दोन रकाने असायचे, एक पट्टेदाराचा आणि एक अनुभवदाराचा. जमीन नावावर कुणाच्या आणि कसतो कोण, ही दोन वेगळी सत्यं आहेत एवढं त्या कागदाला कळत होतं. २०१७-१८ मध्ये तेलंगणात भूमी-अभिलेख नव्यानं तयार झाले, नवी पासबुकं आली, २०२० मध्ये धरणी पोर्टल आलं, आणि या सगळ्यात अनुभवदाराचा रकाना गळाला. २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या मदतीचे, रयतु बंधूचे पैसे सुरू झाले ते पट्टेदाराच्या नावानं. जो मक्त्यानं किंवा बटईनं कापूस पिकवत होता, त्याचा घाम पूर्वीइतकाच गळत होता, पण तो लिहायला जागाच उरली नव्हती. रकाना गेला की माणूस खोटा ठरत नाही. तो नुसता दिसेनासा होतो. पुढे भूभारती आली, कायदा बदलला, वाद चालू आहेत. मला इथे फक्त रकान्याचं बळ दाखवायचं आहे.

आता ती बर्फावरची वही उघडू.

ज्या लीगमधला हा आकडा, ती नॅशनल हॉकी लीग २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियलमध्ये स्थापन झाली. पहिल्याच हंगामात ज्यो मलोननं २० सामन्यांत ४४ गोल केले. पुढे ३१ जानेवारी १९२० रोजी त्यानं एकाच सामन्यात ७ गोल केले, आणि तो आकडा शंभर वर्षं उलटली तरी कुणी गाठलेला नाही. पण त्या पहिल्या हंगामात असिस्टचा अधिकृत हिशेब ठेवलाच गेला नाही. असिस्ट म्हणजे गोल करणाऱ्याच्या स्टिकपर्यंत चकती पोचवणाऱ्याचं श्रेय. आज एका गोलामागे दोघांपर्यंत ते मिळतं. १९१७ च्या हिवाळ्यातही कुणीतरी पास देतच होतं, नाहीतर मलोननं ४४ गोल हवेतून केले असते काय? पुढच्या हंगामात रकाना आला आणि पास देणारे एकदम अस्तित्वात आले.

हा रकाना किरकोळ नव्हे. ग्रेट्झकीनं लीगमध्ये १,९६३ असिस्ट केले. त्याचे ८९४ गोल पुसून टाकले आणि नुसते असिस्ट ठेवले, तरी त्याचे गुण त्या रात्रीपर्यंतच्या इतर कुठल्याही खेळाडूच्या गोल आणि असिस्टच्या बेरजेहून जास्त भरतात. दुसऱ्या क्रमांकावरचा यारोमिर यागर १,९२१ वर थांबला. म्हणजे या खेळातल्या सर्वांत थोर मानल्या जाणाऱ्या माणसाचं थोरपण ज्या रकान्यात आहे, तो रकाना लीगच्या पहिल्या वर्षी वहीत नव्हता. आणि त्या रात्री समारंभ झाला तो दुसऱ्याच रकान्यासाठी. ओव्हेच्किनला पास देणाऱ्या टॉम विल्सनचं नाव किती जणांना आठवतं? पुतण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "कोण विल्सन?"

याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. १९७२ ते १९७९ या काळात अमेरिका-कॅनडात वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची दुसरी व्यावसायिक लीग चालली. तीही पगारी, तीही तितकीच आडदांड. निवृत्त होऊन बसलेला गॉर्डी हाऊ पंचेचाळिशीत तिथं उतरला, तेही आपल्या दोन मुलांच्या बरोबरीनं, आणि सहा हंगामांत त्यानं १७४ गोल केले. ग्रेट्झकीनं आपला पहिला व्यावसायिक हंगाम तिथंच काढला, ४६ गोल केले. १९७९ मध्ये ती लीग बंद पडली, तिचे चार संघ जुन्या लीगनं आपल्यात घेतले, पण गोल घेतले नाहीत. संघ चालतात, खेळाडू चालतात, प्रेक्षक चालतात, नोंद चालत नाही. आता बेरीज करून बघा: हाऊचे जुन्या लीगमधले ८०१ आणि हे १७४ मिळून ९७५. ग्रेट्झकीचे ८९४ आणि ४६ मिळून ९४०. १९९४ मध्ये ग्रेट्झकीनं ८०२ वा गोल करून हाऊला मागे टाकलं, तो सोहळा या दुसऱ्या वहीप्रमाणे झालाच नाही. शिवाय ८९५ हा आकडा फक्त साखळी सामन्यांचा. बाद फेरीतले १२२ धरले तर ग्रेट्झकीचे १,०१६ होतात, आणि त्या रामनवमीच्या रात्री त्या हिशेबात तरी तोच पुढे होता.

यात कुणी लबाडी केली असं मला म्हणायचं नाही. प्रत्येक वहीला कुठंतरी रेघ मारावी लागते. पण रेघ मारणाऱ्याचा हात किती वळतो याचा एक नमुना मला फारच आवडला. १९७९-८० मध्ये ग्रेट्झकी या लीगमध्ये नवखा म्हणून उतरला, तेव्हा सर्वोत्तम नवोदिताच्या पारितोषिकासाठी त्याचा विचार झाला नाही. कारण काय? तर तो आधी दुसऱ्या लीगमध्ये व्यावसायिक म्हणून खेळून आला होता. म्हणजे तो हंगाम नवखेपण घालवायला पुरेसा खरा होता, आणि गोल मोजायला मात्र खोटा. आमच्याकडच्या कुठल्याही तालुका कचेरीला हे गणित समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच लीगची चाळीस वर्षं तर सरळसरळ रंगाच्या रेघेअलीकडची आहेत. विली ओ'री हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू १८ जानेवारी १९५८ रोजी बोस्टनकडून उतरला, तोही एका डोळ्यानं जवळजवळ अंध असताना. पण नोव्हा स्कोशियात कृष्णवर्णीय खेळाडूंची स्वतःची लीग १८९५ पासून होती, म्हणजे या लीगच्या जन्माआधी बावीस वर्षं. तिथं कुणी किती गोल केले याचा एकसंध हिशेब आज मिळत नाही. त्यामुळे ८९५ च्या शेजारी 'जगात' हा शब्द लिहिताना माझा हात थोडा अडखळतो.

इतकं वाचून आपल्याकडचे काही लोक लगेच खूश होतात. बघा, आकड्यांचं वेड हे पाश्चात्त्यांचंच. आपले खेळ मातीतले, आनंदाचे, त्यांना हिशेबाची काय गरज? अ‍ॅलन गुटमन या अमेरिकन अभ्यासकानं १९७८ मध्ये आधुनिक खेळाची जी लक्षणं मांडली, त्यांत मोजणं आणि विक्रम ही दोन शेवटची होती. जुन्या ग्रीकांनी विजेत्यांची नावं ठेवली, पण अंतरं आणि वेळा टिपण्याची फिकीर केली नाही, असं तो म्हणतो. त्यावरून आपले लोक असा अर्थ काढतात की न मोजणं म्हणजे निरागसपणा. मला हे पटत नाही. न मोजण्याची किंमत कुणी मोजली ते आधी बघा.

मैदानी हॉकीतल्या धनराज पिल्ले यांचंच घ्या. जन्म १९६८ चा, पुण्याजवळच्या खडकीतला. घरचे तमिळ, वाढले मराठीत. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतल्या मैदानावर मोडक्या स्टिका जोडून खेळ शिकलेला मुलगा. १९८९ ते २००४ या काळात ते भारताकडून ३३९ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई स्पर्धा. १९९८ मध्ये बँकॉकला त्यांच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्णपदक जिंकलं. आता विचारा, त्यांनी गोल किती केले? तेव्हाच्या भारतीय हॉकी महासंघानं त्याची अधिकृत नोंदच ठेवली नाही. १७० च्या वर, असं सांगितलं जातं, आणि ते सांगणाऱ्यांत स्वतः धनराजही येतात. ओव्हेच्किनचा ८९५ वा गोल दुसऱ्या सत्रात ७ मिनिटं २६ सेकंद झाली असताना झाला, समोर गोलरक्षक इल्या सोरोकिन होता, हे मला तलमडुगूच्या गच्चीवर पडल्या पडल्या कळतं. आणि खडकीच्या माणसाला आपले गोल स्वतःच्या आठवणीतून काढून द्यावे लागतात. यात निरागसपणा कुठला? हा आळस आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तो दुसऱ्याच्या खर्चानं केलेला आळस आहे.

बरं, आकड्याची भूक आपल्याला नव्हती असंही नाही. उलट ती इतकी होती की एका माणसानं आकड्याच्या भीतीनं सामनाच सोडून दिला. डिसेंबर १९४८ मधली ही गोष्ट. निजामाचं राज्य संपून आमच्याकडे जेमतेम तीन महिने झाले होते. पुण्यात पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड असा रणजी सामना चालू होता. काठियावाडच्या २३८ ला उत्तर देताना कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले आणि बाद होईनात. भांडारकरांबरोबर त्यांनी ४५५ धावांची भागीदारी केली. महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. प्रथम श्रेणी क्रिकेटमधला तेव्हाचा सर्वोच्च वैयक्तिक डाव ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. दहा धावा हव्या होत्या. दोन षटकांचं काम. विश्रांतीला खेळ थांबला आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायला तयार होईनात. आपल्या संघाचं नाव असल्या विक्रमाखाली कायमचं लिहिलं जावं हे त्यांना नको होतं. त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ निघून गेला.

या प्रसंगाकडे आपण खिलाडूपणाच्या अभावाची गोष्ट म्हणून बघतो. मला त्यात वहीची जबरदस्त जाण दिसते. ठाकूरसाहेबांना नेमकं कळलं होतं की हरलेला सामना लोक विसरतात, पण विक्रमाच्या ओळीत 'विरुद्ध' या शब्दापुढे आलेलं नाव पुसता येत नाही. म्हणून त्यांनी मैदानावरच्या चेंडूशी लढणं सोडून वहीशी लढायचं ठरवलं. आणि हरले. कारण निंबाळकरांनी आणखी दहा धावा केल्या असत्या तर दहा वर्षांनी, १९५९ मध्ये हनीफ मोहम्मदनं ४९९ काढून तो आकडा मागे टाकलाच असता, पुढे १९९४ मध्ये लाराच्या ५०१ नं आणखी. काठियावाडचं नाव कुठल्या तरी यादीत तळाशी गेलं असतं. सामना सोडल्यामुळे ते नाव आजतागायत सांगितलं जातंय, आणि आत्ता मीही सांगतोय. निंबाळकर एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. ते २०१२ मध्ये गेले, ब्याण्णव पूर्ण करून त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. त्यांच्या नावापुढे ४४३ आणि एक तारांकन आहे, नाबादचं. तेवढ्या तारांकनात सगळी हकिगत मावते, असं मला कधी कधी वाटतं. पण तारांकन वाचता येण्यासाठी आधी कुणीतरी ४४३ लिहून ठेवावे लागतात.

म्हणून नुसती गोष्ट पुरते, आकड्याचं ओझं कशाला, असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. आमच्या भागात गोष्टींची वही ठेवणारे लोक आहेत, त्यांच्याकडेही मी भाबडेपणानं बघत नाही. गोंडांच्या कुळांच्या वंशकथा परधान मंडळी किकरीच्या सुरावर पिढ्यान् पिढ्या गात आली. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ १९४० च्या दशकात इकडच्या मारलवाईत राहिले, त्यांनी त्या परंपरेबद्दल लिहिलं. कागद नसताना एवढी स्मृती सांभाळणं हे कुठल्याही लीगच्या संख्याशास्त्रज्ञाला लाजवणारं काम आहे. पण परधान गातो तो आपल्या यजमान कुळासाठी. ज्याचा परधान नाही, त्याची कथा कोण गाणार? तोंडी वहीलाही रकाने असतात, ते दिसत नाहीत एवढंच. आणि न दिसणारा रकाना वाढवून घेणं हे छापील रकाना वाढवून घेण्यापेक्षा अवघड असतं, हा माझा अनुभव आहे.

कबड्डीत हे अगदी डोळ्यांदेखत घडलं. प्रो कबड्डी लीग २६ जुलै २०१४ ला सुरू झाली. तेव्हापासून प्रत्येक चढाई मोजली जाते. प्रदीप नरवाल १,८०० हून जास्त चढाई-गुण मिळवून निवृत्त झाला, हे कुणीही पोरगं सांगेल. मला त्याचा आनंद आहे. पण आता दूरदर्शनवर 'कबड्डीच्या इतिहासात' म्हणतात तेव्हा तो इतिहास २०१४ ला सुरू झालेला असतो. बुवा साळवींनी ज्या खेळाचे नियम आणि संघटना उभी करण्यात आयुष्य घातलं, ज्यात परळ-लालबागच्या चाळींतून, सांगली-कोल्हापूरच्या तालमींतून दोन पिढ्या दम घुमवून गेल्या, त्यांचे गुण शून्य. बर्फावरच्या लीगनं १९१७ ला जसा शून्याचा दगड रोवला, तसाच हा.

दगडावरून आठवलं. आपण अशा प्रसंगांना 'मैलाचा दगड' म्हणतो. आदिलाबादवरून जाणारा हमरस्ता माझ्या तरुणपणी राष्ट्रीय महामार्ग ७ होता, वाराणसीहून कन्याकुमारीला जाणारा. २०१० मध्ये क्रमांक बदलले, तो ४४ झाला, आणि आता तो श्रीनगरहून निघतो. रस्ता तोच, डांबर तेच, वळणावरचं लिंबाचं झाड तेच. आरंभ तेवढा बदलला. त्याआधी १९५६ च्या राज्य पुनर्रचनेतही असंच झालं: किनवट आमच्या जिल्ह्यातून तिकडे, मराठी बाजूला गेलं आणि तलमडुगू इकडेच राहिलं. तेव्हा एका रात्रीत सोयऱ्यांची राजधानी वेगळी झाली होती. म्हणून दगड दिसला की मी त्यावरचा आकडा बघण्याआधी तो कुठून मोजलाय ते बघतो.

आता माझं स्वतःचं पाप. पंचवीस वर्षांत मी किती गुणपत्रकं भरली असतील देव जाणे. कार्बन लावून दोन प्रती काढायचो. एक प्रत जिंकलेल्या संघाला, दुसरी माझ्याकडे. घरच्यांनी कधी दिवाळीला कपाट आवरलं, कधी उंदरांनी आवरलं. बक्षीस समारंभाला आलेल्या पाहुण्यांचे फोटो आहेत, हार घातलेले, नावांसकट. चढाई करणाऱ्यांची पत्रकं नाहीत. एकदा तर अंतिम सामन्याच्या पत्रकात बांधलेली भजी मी स्वतः खाल्ली आहेत, आणि ती खाताना तेलाच्या डागाखाली माझंच अक्षर ओळखलं आहे. तेव्हा मला हसू आलं होतं. धनराज पिल्ल्यांच्या गोलांबद्दल वाचल्यावर ते हसू उलटं फिरलं.

पण नुसती जुनी पत्रकं जपली असती तरी माझं काम अर्धंच झालं असतं, हे मला खो-खोनं शिकवलं. १९१४ च्या सुमाराला पुण्यात डेक्कन जिमखान्यानं या खेळाला नियमांत बसवलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे दोन्ही संघ जिंकले. पुरुषांचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिलांची प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्रातले. त्यातला वाईकर खो-खोच्या लीगमध्ये 'तेलुगू योद्धाज'कडून खेळलेला, म्हणजे आमच्या गावाला अगदी साजेसा. या खेळाच्या पत्रकात गडी कोण बाद झाला, किती मिनिटं पळाला, कुणी बाद केलं हे सगळं येतं. पण खो-खो ज्यानं पाहिलाय त्याला माहीत आहे, की गडी बाद होतो तो बहुतेक वेळा आधीच्या दोन खोंमुळे. कुणीतरी त्याला खांबाकडे रेटत नेतो, कुणीतरी नेमक्या क्षणी पाठीवर थाप मारून बसतो, आणि तिसरा उठून फक्त हात लांब करतो. नाव तिसऱ्याचं. ज्या खेळाचं नावच 'खो' आहे, त्याच्या पत्रकात खो देणाऱ्याला रकाना नाही. बर्फावरच्या मंडळींना पास देणारा दिसायला एक वर्ष लागलं. आपल्याला शंभर होऊन गेली.

यंदा मी एक साधी वही आखली. शाळेची दोनशे पानी, लाल समासाची. 'बाद करणारा' या रकान्याच्या अलीकडे एक रेघ मारली आणि वर लिहिलं: 'खो'. बाद होण्याआधीचा शेवटचा खो कोणी दिला, त्याचं नाव. संघटनेची मान्यता नाही, विचारलीही नाही. शाळेच्या मैदानावर पोरांचा सराव चालू असताना बाकावर बसून लिहायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुतण्यानं वहीत डोकावून पाहिलं आणि जाऊन सगळ्यांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी डाव संपल्या संपल्या चौघं घाम पुसत माझ्याभोवती गोळा झाली. त्यांतला सगळ्यांत बुटका, जो एरवी पाटीवर कोपऱ्यातच बसवला जातो आणि ज्याच्या नावावर माझ्या आठवणीत एकही गडी नाही, तो वहीवर बोट ठेवून अर्ध्या तेलुगूत, अर्ध्या मराठीत भांडायला लागला, की तो खो त्याचा होता, मी दुसऱ्याचं नाव लिहिलंय. दुसरा म्हणाला, नाही, माझा. बाद करणारा तिसरा बाजूला उभा राहून बाटलीतलं पाणी पीत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही. मी चष्मा पुसला, खोडरबर काढलं, आणि म्हणालो, सगळे परत पाटीवर बसा, कोण कुठे होतं ते दाखवा.